वरचा डावा कोपरा

९ फेब्रुवारी

प्रिय खारू,

आशीर्वाद आहेतच, तू मागितले नसलेस तरी.

तुझं जाडजूड पाकीट मिळालं. पत्ता तुझ्या अक्षरात बघितला आणि पाकीट तसंच टेबलावर ठेवून आधी चहा संपवला. तुझी वहिनी म्हणाली, "अहो, बॉम्ब आहे का त्यात?" म्हटलं, दोन वर्षांनी आलेलं पत्र आहे, जरा दबकतच उघडलेलं बरं.

आम्ही दोघं ठीक. स्टुडिओ चालू आहे. तुझी जागा रिकामी आहे, म्हणजे तिथे आता कागदांचे खोके ठेवलेत. तू का गेलीस, कशी गेलीस, यावर या पत्रात एक अक्षर लिहायचं नाही असं ठरवून बसलोय, त्यामुळे हा विषय इथेच संपला.

आता कामाचं. टेलिफोन एक्स्चेंजची जुनी यंत्रांची खोली तुला फोटो काढायला मिळाली, हे वाचून मी दोनदा चष्मा पुसला. फार मोठं काम आहे. पुढच्या महिन्यात ती यंत्रं सोडवून नेणार, म्हणजे चुकलं तर परत जाऊन काढू ही सोय नाही. त्यात संग्रहालयाला ती खोली या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एकाच फोटोत हवी, आणि तो फोटो माणसाच्या उंचीचा होणार. मोठ्या फिल्मशिवाय गत्यंतर नाही, आणि खोली अरुंद म्हणून रुंद भिंगाशिवायही नाही. तू नेमकं अवघड लग्न जुळवायला घेतलंस. आणि मला न विचारता पासष्ट मिलिमीटरचं भिंग घेऊन मोकळीही झालीस! विचारलं असतंस तर नव्वदचं घे म्हणून सांगितलं असतं. पण खोलीची मापं पाहिली. नव्वदने भागलं नसतं. पासष्टच बरोबर. हे वाक्य पुन्हा लिहून मिळणार नाही, जपून ठेव.

फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू मध्येच बोलतेस आणि आकृत्या काढता येत नाहीत. म्हणून हे पत्र. सोबतचा कागद सुताराला दाखव.

तुझी पहिली तक्रार, लांबचं काही केल्या स्पष्ट होत नाही. होणार कसं? हे भिंग फिल्मच्या इतकं जवळ यायला बघतं की तुझा कॅमेरा त्याला तेवढं जवळ घेतच नाही. भिंगाची पुढची चौकट फिल्मच्या मागच्या चौकटीला टेकायला आली तरी अजून थोडं हवंच. यावर उपाय म्हणजे खोलगट फळी. भिंग ज्या फळीवर बसतं ती सपाट न करता आत दाबलेल्या डबीसारखी करायची. भिंग आत जातं, चौकट पुढे राहते. विकतची मिळाली तर घे, नाही तर पातळ प्लायची होते, आतून काळा मॅट रंग. चकचकीत काळा नाही. मॅट. सुतार म्हणेल, "काळा तो काळा." त्याला ऐकू नकोस.

अशा फळीत बोट जात नाही, शटरचा खटका सापडत नाही आणि माणूस घाईत भिंगाला अंगठा लावतो. पेन्सिलीच्या मागच्या रबराने खटका सरकव. आकडे वाचायला दाताच्या डॉक्टरकडे असतो तो छोटा आरसा घे. शटर दाबायची केबल शूटिंगच्या दिवशी लावायची नाही, घरीच लावून न्यायची.

दुसरी गोष्ट दोन चौकटींमधल्या भात्याची. तुझा भाता घड्यांचा. लांब भिंगाला तो सोन्यासारखा, पण असा दाबून बसवला की चिडतो, पुढची चौकट ढकलून देतो, आणि एखादी घडी गुपचूप उजेडाच्या आड येते. खरा उपाय पिशवीचा भाता, मऊ कातड्याचा. मी माझा स्वतः शिवला, वहिनीच्या मशीनवर. तिची एक सुई मोडली, ते ती अजून बोलून दाखवते. तुझा भाता सुटा होत नसेल तर पुढच्या काही घड्या रबराने चौकटीकडे ओढून बांधून टाक. दिसायला गबाळं दिसतं. फोटोत दिसत नाही.

तिसरं, ज्यावर चौकटी सरकतात तो कॅमेऱ्याचा स्वतःचा पाट फोटोत येणं. हे भिंग इतकं रुंद बघतं की स्वतःच्या पायाखालचंही त्याला दिसतं. पाट खाली पाड. तेवढ्याने भागलं नाही तर मागची चौकट पुढे आण, म्हणजे भिंग पाटाच्या टोकाशी येईल आणि त्याच्यासमोर लाकूड उरणार नाही. लोक नेमकं उलटं करतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. दोन चौकटी एकमेकींना समांतर हव्यात. लांब भिंग थोडं वाकडं असलं तर चालवून घेतं, हे घेत नाही. केसभर फरक पडला की एका बाजूची यंत्रं धारदार आणि दुसऱ्या बाजूची लोण्यासारखी. कॅमेऱ्यावरच्या खुणांवर विश्वास ठेवू नकोस. सुताराकडून सागवानाचे दोन सारखे ठोकळे करून घे, दोन्ही बाजूंनी चौकटींच्या मध्ये घाल, चौकट त्यांना टेकव, स्क्रू आवळ, ठोकळे काढ. कुठल्याही पुस्तकात हे मला सापडलं नाही. मी सगळं सामान बिघडवून शिकलो, तुला आयतं मिळतंय.

शेवटी तू लिहिलंस की मागच्या चौकटीतल्या दुधी काचेवर वरचा डावा कोपरा अंधारा दिसतो. काचेवर सगळं उलटं पडतं, तेव्हा काचेवरचा वरचा डावा, म्हणजे खोलीतला खालचा उजवा, हे तुला सांगायला नको. अंधारे कोपरे हे रुंद भिंगाचं जुनं दुखणं. उजेड काचेवर तिरका पडतो. तुझी चौकट वाकडी असेल. ठोकळे घातलेस की बघू.

वहिनी विचारते, खोकला गेला का. माझा खांदा जरा सुजलाय, अंधाऱ्या खोलीच्या दाराची चौकट लागली. ते दार पहिल्यापासूनच अरुंद.

तुझा,
दादा


२४ फेब्रुवारी

प्रिय खारू,

ठोकळे घेऊन तुझा सुतार हसला आणि मग स्वतःच वाकून काचेत बघत बसला, हे वाचून बरं वाटलं. लांबचं स्पष्ट झालं, पाट गेला, दोन्ही बाजू धारदार. म्हणजे माझं निम्मं डोकं अजून शाबूत आहे. चाचणीचे फोटो अजून काढले नाहीस, फिल्म महाग आहे, हेही कळलं. ते काढावेच लागतील. पण त्याआधी त्या कोपऱ्याचं बघू.

तू लिहितेस, ठोकळे घालूनही वरचा डावा कोपरा तसाच. बाकी तीन बरे. आणि त्या कोपऱ्याकडे सरळ बघितलं की थोडं बरं दिसतं, मध्ये बघत स्क्रू फिरवताना मात्र तिथे नुसता धूर.

मी क्रमाने सांगतो, तू क्रमाने कर.

दुधी काचेचे कोपरे कापलेले असतात ते उगीच नाहीत. त्या कापलेल्या फटीतून एक डोळा लावून भिंगाकडे बघ. भिंगाचं भोक पूर्ण गोल दिसलं तर वाट मोकळी आहे. लिंबाच्या फोडीसारखं दिसलं तर भात्याची घडी आड येते आहे. चारही कोपऱ्यांतून बघ, नुसत्या त्या एकातून नाही.

वाट मोकळी निघाली तर काच बदलून बघ. जुनी काच खरखरीत असते. मी माझी नवी स्वतः घासली. काचेचे दोन तुकडे, मध्ये पाणी आणि घासायची बारीक पूड, आणि हात गोल गोल फिरवत राहायचं, वीट येईपर्यंत. वहिनी म्हणाली, "एवढ्या निष्ठेने कधी भांडी घासली असतीत तर!" काच सुंदर झाली. मग मी काचेमागे ती बारीक गोल रेषांची प्लास्टिकची चकती लावली, तिने कोपऱ्यातला उजेड डोळ्याकडे वळतो. मग भिंगावर मधोमध काळपट असलेला फिल्टर लावला, तो मधला उजेड अडवतो आणि कडेचा सोडतो, म्हणजे सगळं समसमान. फिल्टर महाग आहे आणि भरपूर उजेड खातो. तू तो इतक्यात मागवू नकोस. मी सांगेपर्यंत मागवू नकोस.

हो, एवढं सगळं मी केलं. माझेही कोपरे अंधारे होते. मागच्या उन्हाळ्यापासून.

त्याचीच एक गंमत सांगतो. एका कारखान्याचा लांबलचक हॉल काढायचा होता. सगळं साग्रसंगीत केलं, ठोकळे, पिशवीचा भाता, सगळं. प्रिंट घेऊन गेलो. कारखान्याचे व्यवस्थापक बघतात, बघतात आणि म्हणतात, "हा कोण?" फोटोच्या कडेला रंगारी उभा! अख्खा! शिडी, बादली, डोक्याला फडकं, आणि कॅमेऱ्याकडे बघून चक्क हसतोय. मी काचेवर केवढा वेळ घालवला होता, आणि तो मला दिसला नव्हता. मी म्हटलं, "मुद्दाम ठेवलाय, हॉल किती उंच आहे ते कळायला." व्यवस्थापक म्हणाले, "वा! कलाकाराची नजर!" वहिनी ऐकून पोट धरून हसली. आणि मग हसायची थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली.

असो. ती गंमत.

गाडी हल्ली वहिनी चालवते. मला कंटाळा आला चालवायचा, आणि लोक हल्ली कुठूनही अंगावर येतात, कडेने. जेवताना पाण्याचे दोन पेले फुटले या आठवड्यात. नवीन पेले फार उंच आहेत.

एक विचारायचं राहिलं. तू काचेत कुठल्या डोळ्याने बघतेस? उजव्याच ना, पूर्वीसारखं डावा मिटून? आणि संध्याकाळी दिव्यांभोवती कडी दिसतात का? डोकं दुखतं का? सहज विचारतोय. ठोकळ्यांशी याचा संबंध नाही.

वहिनी दारात उभी आहे. विचारते, "लिहिलंत का?" म्हटलं, लिहिलं. ती म्हणाली, "दाखवा." मी पाकीट चिकटवतोय.

तुझा,
दादा


६ मार्च

खारू,

या पत्रात आकृती नाही.

तुझं उत्तर काल आलं. फटीतून भोक चारही कोपऱ्यांत पूर्ण गोल दिसतं. काच नवी आणलीस. वरचा डावा तसाच. हो, उजव्या डोळ्याने. आणि दिव्यांची कडी, "दादा, ती तर कधीची दिसतात, मला वाटलं सगळ्यांनाच दिसतात." शेवटी लिहिलंस, "आता फिल्टर मागवतेच, तू उगीच अडवतोस."

ते वाचून मी अंधाऱ्या खोलीत जाऊन बसलो. वहिनीने दार ठोठावलं.

"काय लिहिलंय तिने?"

"कोपरा तसाच आहे म्हणते."

"आणि तुम्ही काय सांगणार? अजून एक ठोकळा?"

मी तुझं पत्र घडी करून खिशात घातलं.

"तुम्ही सांगणार आहात, की मी फोन लावू?" म्हणाली. "मी लावला तर रडत रडत सांगीन, आणि ती घाबरेल. तुम्ही नीट सांगाल. तुम्हाला सगळं नीटच सांगायचं असतं ना? मग सांगा."

तर नीट सांगतो. भिंगामुळे होणारा अंधार चारही कोपऱ्यांत सारखा असतो. भिंग गोल आहे, त्याला डावं-उजवं कळत नाही. एकच कोपरा अंधारा असेल तर एक तर चौकट वाकडी, नाही तर घडी आड, नाही तर काच खराब. हे तिन्ही तू तपासलंस. माझ्या सांगण्यावरून, माझ्याच क्रमाने. त्यानंतर कॅमेऱ्यात तपासायला काही उरत नाही. काचेच्या अलीकडे जे आहे तेवढंच उरतं.

माझ्याकडेही तसंच झालं. फरक एवढाच की मला ते मान्य करायला फार वेळ लागला, कारण मला सामान दुरुस्त करता येतं. दुसऱ्या कुणाला पहिल्याच दिवशी वाटलं असतं की आपल्याला नीट दिसत नाही. मला वाटलं, काच जुनी झाली. काच घासली. भाता वाकडा वाटला, भाता शिवला. चकती लावली, फिल्टर लावला. प्रत्येक वेळी थोडं बरं दिसतंय असं वाटायचं. नवीन वस्तू लावली की दोन दिवस बरं वाटतंच.

रंगाऱ्याच्या प्रकारानंतर मी पांढऱ्या भिंतीचा फोटो काढला. नुसती भिंत. निगेटिव्ह उजेडाच्या पेटीवर ठेवली आणि कोपऱ्याकोपऱ्यावर भिंग ठेवून तपासली. चारही कोपरे सारखे, अगदी नियमाप्रमाणे. फिल्मवर काही नव्हतं, काचेवर मला अंधार दिसत होता. दोन आणि दोन चार करायला एवढं पुरेसं होतं. मी काय केलं? फिल्म धुवायचा डेव्हलपर बदलला.

शेवटी वहिनी मला धरून डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरीणबाई तुझ्या वयाच्या. त्यांनी एका मोठ्या पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रात माझं डोकं अडकवलं. मध्ये बघत राहायचं, आणि आजूबाजूला बारीक दिवा लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. मी इमानेइतबारे दाबत होतो. मधले भराभर आले. मग बराच वेळ काहीच येईना. यंत्र आतून टकटक करतंय, दिवा नाही. मला राहवेना. म्हटलं, "बाई, तुमच्या यंत्राचे कडेचे दिवे गेलेत. बदलून घ्या."

त्या म्हणाल्या, "सगळे चालू आहेत, काका."

म्हटलं, "मी यंत्रांतच आयुष्य घालवलंय. वरच्या बाजूचे दिवे नक्की गेलेत. स्क्रू-ड्रायव्हर असेल तर द्या, मीच बघतो."

त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर दिला नाही. नर्सला बोलावून माझ्या जागी बसवलं. आणि मी शेजारी उभा राहून ऐकत होतो, टक, टक, टक, टक. ती पोरगी एकही सोडत नव्हती. वहिनी खिडकीबाहेर बघत होती.

काचबिंदू. आतला दाब वाढतो आणि नजर कडेकडून जाते. दुखत नाही, खुपत नाही. दोन डोळे एकमेकांची चूक झाकतात, म्हणून रोजच्या जगण्यात कळतच नाही. एक डोळा मिटून काचेकडे बघत बसणाऱ्या माणसाला कळायला हवं होतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. कळलं होतं, पण मी कॅमेऱ्याला औषध देत बसलो.

गेलेलं परत येत नाही, खारू. उरलेलं टिकवता येतं. रोज थेंब घालायचे, ठरल्या वेळी, चुकवायचे नाहीत. मी चुकवत नाही. माझ्या उजव्या डोळ्याचं बरंच गेलंय, डाव्याचं कमी. आधी आलो असतो तर, असं त्या अर्धवट बोलून थांबल्या.

मग त्यांनी विचारलं, "सख्खी भावंडं?"

म्हटलं, "एक बहीण आहे. पण दोन वर्षं बोलणं नाही."

"बोलणं नसू दे. तपासायला सांगा. भावाबहिणींत हे फार वेळा निघतं. आणि लवकर निघालं तर काही जात नाही."

यानंतर काही दिवसांनीच तुझं पहिलं पत्र आलं. ते वाचून मी दोनदा चष्मा पुसला असं तुला लिहिलं, ते तुझ्या कामाच्या आनंदाने नव्हे. त्यात त्या कोपऱ्याची ओळ होती. वाचताक्षणी मला कळलं होतं. तरी मी तुला खोलगट फळीची आकृती काढून पाठवली.

का, ते विचारशील. मला स्वतःलाही नीट सापडलेलं नाही. तू मला विचारलंस, दोन वर्षांनी, "दादा, हे कसं करायचं," आणि मला सगळं येत होतं. फळी येत होती, भाता येत होता. तेवढ्यापुरता मी पूर्वीचा होतो. पत्राच्या शेवटी आजारपण लिहायचं म्हणजे त्या माणसाला आपल्याच हाताने खुर्चीवरून उठवायचं. आणि तू जाताना म्हणाली होतीस ना, "दादा, तुला चुकलेलं चालतच नाही." ते खोटं पाडायची संधी होती. मी दोन पत्रं लिहिली आणि ते खरं करून दाखवलं.

आणखी एक भीती होती. तुला वाटेल, दादाला माझं मोठं काम बघवत नाही, म्हणून ऐन वेळी घाबरवतोय. तसं वाटलं तर वाटू दे. भांडण पुढे चालू ठेवू. मी कुठे जात नाही, हल्ली तर अजिबातच नाही. पण आधी हे एवढं कर.

आज उजेडात कॅमेरा लाव. दुधी काचेच्या बरोबर मध्यावर पेन्सिलीने बारीक फुली कर. उजव्या डोळ्याने फुलीकडे बघ, नजर हलवू नकोस, आणि कोपरा कसा दिसतो ते ठरव. मग डोकं तसंच ठेवून डावा डोळा लाव. अंधार त्याच कोपऱ्यात राहिला तर मी मूर्ख, फिल्टर मागव, पैसे मी देतो. अंधार कोपरा बदलून गेला, किंवा नाहीसाच झाला, तर कॅमेऱ्याचा काही दोष नाही. त्याला सोडून दे.

तू बारीकसारीक तपासणारी आहेस, म्हणून हे सांगितलं. पण ही माझी युक्ती आहे, डॉक्टरची नाही, आणि माझ्या युक्त्यांनी माझं काय केलं ते वर लिहिलंय. फुलीचं उत्तर काहीही येवो, खऱ्या यंत्रासमोर बस.

म्हणून मी एक आगाऊपणा केला आहे. डॉक्टरीणबाईंच्या ओळखीच्या एक डॉक्टर तुमच्या शहरात आहेत. मी काल फोन करून तुझ्या नावाने येत्या सोमवारी सकाळची वेळ घेतली. तुला न विचारता. वहिनी म्हणाली, "याच खोडीपायी ती सोडून गेली ना?" हो, याच. सोबतच्या चिठ्ठीवर पत्ता आहे. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घालतात, नंतर काही तास धूसर दिसतं, तेव्हा गाडी घेऊन जाऊ नकोस. त्या सुताराला बरोबर ने. माणूस चांगला वाटतो.

एक्स्चेंजचं काम सोडू नकोस. काहीही निघालं तरी ते काम तुझंच आहे. मध्ये बघून कोपऱ्यांचा अंदाज बांधायचा नाही, फोटोच्या चारही कोपऱ्यांत, खाली जमिनीवर आणि वर यंत्रांवर, पेटवलेली बॅटरी ठेव, प्रत्येक बल्ब काचेवर शोध, सरळ त्याच्याकडे बघून धार लाव, मग बॅटऱ्या उचल. आणि खोलीत कोणी राहिलंय का, ते कॅमेऱ्यातून नाही, स्वतः चालत जाऊन बघ. आधी भिंतीची एक फिल्म काढून धुऊन बघ. ती जे दाखवेल ते मान. मी मानलं नव्हतं.

सोमवारी मी येऊ का, असं विचारणार होतो. वहिनी म्हणते, ती बोलावेल तर जाऊ. दोन तिकिटं मिळतात का ते तिने बघून ठेवलंय, एवढंच तुला कळवतो. बाहेरच्या बाकावर बसून राहीन. आत येणार नाही आणि त्यांच्या यंत्राबद्दल एक शब्द बोलणार नाही.

रागावलीस तर रागावूनच जा. पण जा.

उत्तर लांबलचक नको. आत काय निघालं तेवढी एक ओळ पुरे, आणि ती आधी मला लिही, वहिनीला नको. समोर धरलेलं मला अजून स्वच्छ दिसतं. तुझं अक्षर मी स्वतः वाचीन.

पोस्टमनची वाट बघणारा,
तुझा दादा